तिजोरीची किल्ली समितीकडे नसते

‘संसदीय समितीने इस्रोचा निधी कापला’ असे कोणी सहज म्हणून जाते. समितीला तो अधिकारच नाही.

विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल या विषयांच्या स्थायी समितीत (वर्षभर काम करणारा खासदारांचा गट) लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य असतात. मंत्र्यांना तिथे जागा नाही. अर्थसंकल्प मांडला गेल्यावर अवकाश, अणुऊर्जा, जैवतंत्रज्ञान अशा विभागांच्या अनुदानाच्या मागण्या (विभागाला वर्षभरासाठी हव्या असलेल्या रकमांचे प्रस्ताव) तिच्यापुढे येतात. मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र किंवा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांचा खर्चही अशाच मागण्यांत असतो.

हाउसिंग सोसायटीचे उदाहरण घ्या. वार्षिक सभेआधी चार सभासद सेक्रेटरींसोबत अंदाजपत्रक घेऊन बसतात: गेल्या वर्षी टाकीच्या दुरुस्तीला ठेवलेले पैसे तसेच का पडून राहिले? यंदा दुप्पट कशाला? चेकवर सही मात्र त्यांची नसते.

समितीही सचिवांना बोलावून असेच विचारते. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. अहवालात कपात सुचवायलाही नियमांची मनाई आहे. मागण्या मंजूर करते ती लोकसभा. तिथे वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच एकदम मताला टाकतात. याला ‘गिलोटिन’ म्हणतात. नाव भयंकर, पण प्रथा नेहमीची. अशा वेळी त्या विभागाच्या खर्चाची बारकाईने झालेली चौकशी पुष्कळदा समितीच्या अहवालातच सापडते.