विश्लेषण : तोल जातो, हात-पाय थरथरतात आणि मूळ निघते कर्करोगात! असे का होते?

चालताना तोल जाणे, हात-पाय आपोआप हलणे, डोळे भिरभिरणे... अशा तक्रारींत आधी संशय येतो तो पक्षाघात वा कंपवाताचा. क्वचित मात्र ही शरीरात दडलेल्या कर्करोगाची पहिली खूण असते.

नेमके काय घडते?

यात कर्करोग मेंदूत पसरलेला नसतो. काही गाठींतील पेशी एरवी चेतापेशींत आढळणारी प्रथिने तयार करतात. प्रतिकारशक्ती त्यांच्यावर हल्ला चढवते आणि त्यात मेंदूतील निरोगी पेशीही भरडल्या जातात. यालाच ‘पॅरानिओप्लास्टिक’ विकार म्हणतात. कर्करोगाच्या १०० रुग्णांमागे एकाहूनही कमी जणांत तो आढळतो.

लक्षणे कोणती?

स्तन वा अंडाशयाच्या कर्करोगात ‘अँटी-यो’ प्रतिपिंडे आढळल्यास लहान मेंदूतील ‘पुर्किंजे’ पेशी नष्ट होत जातात. काही आठवड्यांत चालणे, बोलणे, घास तोंडापर्यंत नेणेही अवघड होते. फुप्फुसाच्या ‘स्मॉल सेल’ कर्करोगात हात-पाय नाचल्यासारखे हलू शकतात. लहान मुलाचे डोळे सर्व दिशांना भिरभिरत असतील आणि अंगाला झटके येत असतील, तर डॉक्टर ‘न्यूरोब्लास्टोमा’ची गाठ शोधतात. अशा सुमारे निम्म्या मुलांत ती सापडते.

सगळेच रुग्ण बरे का होत नाहीत?

हल्ला पेशीच्या आतील प्रथिनावर असेल, तर ‘टी’ पेशी चेतापेशीच मारतात. मेलेली चेतापेशी पुन्हा तयार होत नाही. तेथे उपचारांचा हेतू उरलेले वाचवण्याचा असतो. प्रतिपिंडे पेशीच्या पृष्ठभागावर चिकटत असतील, तर चित्र आशादायक असते. २००७ मध्ये डॉ. जोसेप दालमाऊ यांच्या गटाने वर्णन केलेला ‘एनएमडीए’ मेंदूदाह याच प्रकारचा. अंडाशयातील ‘टेराटोमा’ गाठ असलेल्या तरुणींत भास, फेफरे, ओठ-जिभेच्या विचित्र हालचाली दिसतात. हा मानसिक आजार समजला गेल्यास मोलाचा वेळ जातो. गाठ वेळीच काढल्यास बहुतेक रुग्ण सावरतात.

निदान आणि उपचार कसे?

सुरुवातीचा एमआरआय अनेकदा सामान्य येतो. त्यामुळे रक्त व पाठीच्या मणक्यातील द्रवात प्रतिपिंडे तपासतात आणि पेट-सीटीने गाठ शोधतात. गाठ सापडली नाही, तरी जोखीम जास्त असल्यास दर ४ ते ६ महिन्यांनी, २ वर्षे तपासणी केली जाते. उपचारांत कर्करोगावरील इलाजासोबत स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन वा प्लाझ्मा बदलणे यांचा वापर होतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

तोल जाणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग नसतो. मात्र लक्षणे काही दिवसांत वा आठवड्यांत झपाट्याने वाढत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये.