टोमॅटोचं दुखणं: खताआधी कारण शोधा

कुंडीतल्या टोमॅटोचं काही बिनसलं की आपला हात आधी खताच्या डब्याकडे जातो. पण दुखणं बहुतेक वेळा पाण्यात, उन्हात नाहीतर किडीत असतं. झाड नीट पाहिलं तर ते ओळखता येतं.

गैरसमज: फळाचा तळ काळा पडला, म्हणजे बुरशी लागली.
वस्तुस्थिती: देठाच्या विरुद्ध टोकाला खोलगट, चामड्यासारखा डाग पडला असेल, तर तिथे कॅल्शियम पोचलेलं नाही. मातीत ते बहुधा असतंच, पण फळापर्यंत जातं पाण्याबरोबर. कुंडी आज ठणठणीत कोरडी आणि उद्या तुडुंब असली की हा पुरवठा तुटतो. अंड्याची टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे त्यांचा लगेच उपयोग होत नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली नाही तर पाणी द्या. वर वाळक्या पानांचं आच्छादन घाला. डागाळलेली फळं काढून टाका. पाणी नियमित झालं की पुढची चांगली येतात.

गैरसमज: फुलं गळतात, म्हणजे खत कमी पडलं.
वस्तुस्थिती: दिवसाचं तापमान ३५ अंशांवर गेलं किंवा रात्रीही उकाडा राहिला, की परागकण निकामी होतात. अशा वेळी युरिया घातला तर नुसता पाला माजतो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात बी पेरावं. फुलोरा थंडीत येतो. बंद बाल्कनीत वारा खेळत नसेल, तर सकाळी फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारा. पराग झडून फळ धरतं.

गैरसमज: पानं वळली, म्हणजे रोग आला.
वस्तुस्थिती: दुपारच्या उन्हात खालची पानं गुंडाळली, तर तो बहुधा उष्णतेचा ताण असतो. मात्र शेंड्याची नवी पानं बारीक, पिवळट, आकसलेली दिसली आणि झाड खुजं राहिलं, तर विषाणूचा संशय घ्या. तो पांढरी माशी पसरवते. झाड हलवल्यावर पानांखालून पांढरे चिलटासारखे किडे उडतात, ते हेच. या रोगावर औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका आणि शेजारच्या कुंड्यांजवळ पिवळे चिकट सापळे लावा.

गैरसमज: फळं पिकावीत म्हणून भोवतालची पानं काढावीत.
वस्तुस्थिती: पिकायला फळावर ऊन पडावं लागत नाही. उलट कडक उन्हाने त्यावर पांढरट चट्टे पडतात. रंग धरू लागलेलं फळ तोडून घरात ठेवलं तरी पिकतं.