सुमोचे ८२ डाव

आपल्या कुस्तीत पाठ टेकवावी लागते. सुमोत प्रतिस्पर्ध्याला ४.५५ मीटरच्या रिंगणाबाहेर काढले किंवा तळपायाखेरीज त्याचे कोणतेही अंग जमिनीला लावले, की जिंकलो. विजयी डाव दर लढतीनंतर जाहीर होऊन नोंदला जातो. त्याला ‘किमारिते’ म्हणतात. जपानची सुमो संघटना असे ८२ डाव मानते. पण नोंदींत कंबरपट्टा धरून रेटण्याची ‘योरिकिरी’ आणि ढकलून बाहेर काढण्याची ‘ओशिदाशी’ याच सर्वांत पुढे. काही डाव वर्षानुवर्षे दिसत नाहीत.

सुमोत वजनी गट नाहीत. मग माझ्यासारख्या हलक्याने काय करावे? सुमारे १०० किलोचा माइनोउमी नाना डावांमुळे ‘डावांचे डिपार्टमेंट स्टोअर’ म्हणून गाजला. रेटा रोज घोटावाच, पण दुर्मिळ डावही हाताशी ठेवावा.