२५९२ : न बदलणारी संख्या

छापखान्यात जुळाऱ्याने घातांक सरळ ओळीत बसविले, तर उत्तर बिघडते. अशी चूक होऊनही बरोबर राहील ती चार अंकी संख्या कोणती, असे कोडे इंग्लंडमधील हेन्री ड्यूडनी यांनी १९१७ च्या पुस्तकात घातले. उत्तर २५९२. २ चा पाचवा घात ३२, ९ चा दुसरा घात ८१. त्यांचा गुणाकार पुन्हा २५९२!

हीच कृती वारंवार करण्याला गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी 'पॉवरट्रेन' हे नाव दिले. २६ घ्या. २ चा सहावा घात ६४. त्यावरून १२९६, मग ५,३१,४४१. पाटी अपुरी पडणार असे वाटते. पण पुढे ५००. त्यात ५ चा शून्य घात १. शेवटच्या ० ला जोडीदार नाही, म्हणून त्याने नुसते गुणावयाचे. उत्तर शून्य.

शून्याचा शून्य घात १ मानल्यास २५९२ सारखी अढळ अशी आणखी एक संख्या ज्ञात आहे. ती २६ अंकी आहे.