जुन्या छायाचित्रांतला पांढरा गोल: लेन्स फ्लेअरविषयी थोडं

आमच्या मंडळात जुनी छायाचित्रं पाहायला बसलो की एक प्रश्न हमखास येतो: फोटोच्या मध्याजवळ हा फिकट गोल कसला? कोणी म्हणतं बुरशी, कोणी म्हणतं पाणी पडलं असेल. कित्येकदा तो डाग कागदाचा नसतोच, लेन्सचा असतो. हे ओळखायला हवं, कारण स्कॅन 'साफ' करून देणारे हौशी आपल्यात कमी नाहीत, आणि पुसताना गोलामागचं नक्षीकामही जातं.

काचेवर पडलेला प्रकाश सगळा आत जात नाही. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के परततो. लेन्समध्ये तो दुसऱ्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा पुढे वळतो आणि प्लेटवर नको तिथे जाऊन बसतो. सगळीकडे पसरला तर चित्रावर धुकं चढतं, काळं राखाडी दिसतं. एका जागी गोळा झाला तर ठिपका किंवा गोल उमटतो. त्याला घोस्ट म्हणतात. दोन्ही फ्लेअरच.

म्हणून लेन्समध्ये काचा किती, यापेक्षा हवेला लागलेले पृष्ठभाग किती, हे मोजायचं. कॅनडा बाल्समने चिकटवलेला सांधा फारसा त्रास देत नाही. पेट्झवालच्या १८४० च्या पोर्ट्रेट लेन्समध्ये असे ६ पृष्ठभाग. १८६६ च्या रॅपिड रेक्टिलिनियरमध्ये दोन चिकटवलेल्या जोड्या, म्हणजे ४ च. पृष्ठभागांच्या प्रत्येक जोडीतून एक घोस्ट संभवतो: ६ पृष्ठभागांतून १५, ४ मधून फक्त ६. झाइसच्या १८९६ च्या प्लानारमध्ये ८ होते, म्हणजे २८ घोस्ट! रचना उत्तम, पण काचेवर लेप येईपर्यंत ती मागेच पडली.

आपल्याकडे हा विषय निघाला की लाला दीनदयाळ येतातच. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करता करता त्यांनी कॅमेरा हाती घेतला, पुढे हैदराबादला निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. लेपेल ग्रिफिन यांच्या मध्य भारतातील वास्तूंवरच्या १८८६ च्या ग्रंथातली छायाचित्रं त्यांचीच. तेव्हा लेन्सवर लेप नव्हताच. उन्हाची वेळ साधायची आणि भिंगावर सावली धरायची, एवढाच बंदोबस्त.

आता तो गोल. लेन्समधल्या छिद्राचंच, म्हणजे डायफ्रॅमचं, अंधुक बिंब प्लेटवर पडलं की तो दिसतो. तो लेन्सच्या अक्षावर पडतो. उंच इमारत मावावी म्हणून छायाचित्रकार लेन्स वर सरकवत, कॅमेरा न वाकवता. मग छापील चित्रात अक्ष मध्याच्या खाली येतो, क्षितिजाच्या उंचीवर. अशा ठिकाणी, कडा विरघळलेला फिकट गोल दिसला तर मी आधी लेन्सवर संशय घेतो. बुरशी इतकी शिस्तीत बसत नाही.

अंधाऱ्या मंडपातल्या खिडकीभोवतीचं तेजोवलय मात्र वेगळं. तिथे प्रकाश इमल्शनमधून आरपार जाऊन प्लेटच्या मागच्या बाजूवरून परततो. ते हॅलेशन, लेन्सचा दोष नाही.

काचेवर लेप चढवायची रीत झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये बसवली. मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक थर परावर्तन ४ टक्क्यांवरून सव्वा-दीडवर आणतो. मध्यम काळातल्या लेन्सची काच निळसर-जांभळी दिसते ती याच थरामुळे. १९७० च्या दशकात अनेक थर आले, परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलं, आणि म्हणून आजच्या झूममध्ये ३० पृष्ठभाग चालतात. लेप नसता तर प्रकाशाचा तिसरा हिस्साही सरळ पोचला नसता. तरीही सूर्य चौकटीत घेतला तर झूमपेक्षा कमी काचांची एकाच फोकल लांबीची लेन्स बहुधा कमी त्रास देते.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांत खांबांमधून बाहेरच्या उन्हाकडे मोबाइल धरला की हे सगळं पाहायला मिळतं. दिव्यासमोर उठणारा हिरवा ठिपका बहुतेकदा चौकटीच्या मध्यापलीकडे, दिव्याच्या बरोबर उलट बाजूला असतो. मोबाइल किंचित हलवला तर तोही उलटा सरकतो. धुकं दिसलं तर आधी काच रुमालाने पुसा, बोटाचा तेलकट ठसाच पुष्कळदा कारण असतो. मग चौकटीबाहेर हात धरून उन्हाची तिरीप अडवा.