पार्टी मुंबईत, कारखाना आमच्या शेजारी

श्रीमंतांची पोरं, पांढरी पूड आणि बापाचा पैसा. या तीन गोष्टींवर जगभर सिनेमे निघाले. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या थर्मल कॉलनीत बसून ते बघताना वाटायचं, हे सगळं बांद्रा-जुहूच्या बंगल्यांतलं, आपला काय संबंध? संबंध निघाला. तो पुढे येईलच. आधी पडद्यावरच्या गमतीजमती.

पाच जण आणि एक हमर

बिजॉय नाम्बियारचा पहिलाच सिनेमा ‘शैतान’ 10 जून 2011 रोजी आला. मुंबईतली पाच तरुण मंडळी, घरी कशालाच कमी नाही आणि नशेलाही नाही. एका रात्री हमर गाडी भन्नाट सोडतात आणि स्कूटरवरच्या दोघांना चिरडतात. मग एक पोलीस अधिकारी प्रकरण दाबायचे 25 लाख मागतो. घरी मागायची सोय नाही, म्हणून पोरं शक्कल काढतात: आपल्यातल्याच एमीचं खोटं अपहरण करायचं आणि तिच्या बापाकडून खंडणी उकळायची. एमी झाली होती कल्की केकलां.

लाच मागणारा तो कोण?

राजकुमार राव! ‘शैतान’मधला मालवणकर त्यानंच रंगवलाय. तेव्हा तो राजकुमार यादव या नावानं काम करायचा, त्यामुळे श्रेयनामावलीत ‘राव’ शोधत बसू नका. आणि ओटीटीवर सिनेमा शोधताना जपून. 2024 मध्ये अजय देवगणचाही ‘शैतान’ आला. तो गुजराती ‘वश’वरून केलेला वशीकरणाचा भयपट आहे, त्यात हमर नाही.

‘पाँच’चं पुणेरी मूळ

‘शैतान’चा एक निर्माता अनुराग कश्यप. त्यानं स्वतः दिग्दर्शित केलेल्या पहिल्या ‘पाँच’मध्येही पाच जण, नशापाणी आणि पैसेवाल्या मित्राच्या खोट्या अपहरणाचा डाव. त्या सिनेमाची प्रेरणा थेट पुण्यातली: 1976-77 चं जोशी-अभ्यंकर हत्याकांड. त्यातले गुन्हेगार टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. ‘पाँच’ सेन्सॉरच्या कचाट्यात अडकला आणि वर्षानुवर्षं थिएटरचं तोंड बघू शकला नाही. ‘सीआयडी’तले अभिजित, म्हणजे आदित्य श्रीवास्तव, आणि पद्मिनी कोल्हापुरेंची बहीण तेजस्विनी त्यात आहेत.

गोळीबाराला रफीचं गाणं

‘शैतान’मधला सगळ्यात गाजलेला प्रसंग: लॉजमध्ये पोलीस आणि गुंड यांची चकमक, सगळं संथ गतीत, काचा फुटताहेत, माणसं कोसळताहेत आणि मागे चाललंय ‘खोया खोया चाँद’. नवा साज मायकी मॅक्लिअरीचा, आवाज सुमन श्रीधरचा. मूळ गाणं रफीचं, सचिनदेव बर्मन यांचं, 1960 च्या ‘काला बाजार’मधलं, पडद्यावर देव आनंद. त्या सिनेमातला देव आनंद काय करतो? थिएटरबाहेर तिकिटांचा काळाबाजार. गुन्हेगारीचा दर्जा तेव्हा केवढा सोज्वळ होता बघा!

देव आनंदनं 40 वर्षं आधीच गाठलं होतं

‘हरे रामा हरे कृष्णा’ 1971 चा. आईबापाचं घर फुटलं म्हणून माँट्रियलहून काठमांडूच्या हिप्पींमध्ये जाऊन पडलेली जसबीर, अर्थात झीनत अमान. काठमांडूत खरोखर भेटलेल्या एका मुलीवरून देव आनंदला हे सुचलं होतं. ‘दम मारो दम’ला आवाज आमच्या सांगलीकडच्या आशा भोसले यांचा, आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअरही मिळालं. गाणं इतकं चढलं की सिनेमा नशेच्या विरोधात आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच राहिलं नाही.

सतराव्या वर्षी कादंबरी

न्यूयॉर्कच्या धनाढ्य पोरांवरची ‘ट्वेल्व्ह’ ही कादंबरी निक मॅकडोनेलनं लिहिली, तेव्हा तो 17 वर्षांचा होता. 2002 मध्ये ती छापली गेली आणि 2010 मध्ये जोएल शूमाकरनं तिच्यावर सिनेमा केला. गंमत अशी की त्यातला नायक श्रीमंत पोरांना माल विकतो, स्वतः मात्र शिवत नाही. आणि ‘ट्वेल्व्ह’ नावाचं ते ड्रग? ते पूर्णपणे लेखकाच्या डोक्यातलं.

नट नाकात काय ओढतात?

बहुतेक वेळा व्हिटॅमिनची पूड, नाहीतर दुधातली साखर. म्हणून ती निरुपद्रवी असते असं नाही. ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’च्या वेळी जोना हिलनं टेकवर टेक देत इतकी पूड ओढली की त्याला ब्राँकायटिस झाला.

सिनेमा पुण्यात घडला

19 मे 2024, कल्याणीनगर. 17 वर्षांच्या मुलाच्या हातात पोर्शे, दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. इथे ड्रग्ज नव्हती, प्रकरण दारूचं होतं. पण पुढची पटकथा ओळखीची वाटावी अशी. बाल न्याय मंडळानं दिलेल्या जामिनात अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट, नंतर रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप आणि ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक. ‘शैतान’ येऊन तेव्हा 13 वर्षं होत आली होती.

आता आमचा संबंध

एकलहऱ्याहून नाशिकरोडला येऊन पुणे हायवेला लागलं की शिंदे गाव. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला. आत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बनत होतं. पोलिसांनी मालाची किंमत सांगितली सुमारे 300 कोटी. प्रकरणात नाव आलेला येरवडा तुरुंगातला एक कैदी उपचाराच्या नावाखाली महिनोन्‌महिने ससूनमध्ये मुक्कामाला होता. तिथूनच तो 2 ऑक्टोबरला पसार झाला आणि पंधरवड्यानं सापडला. सोयीसवलती फक्त श्रीमंतांच्या पोरांनाच मिळतात असं कोण म्हणतं?

शिंदेच का?

कोकेनचं झुडूप दक्षिण अमेरिकेतलं, अफूला शेत लागतं. एमडीला यातलं काहीच लागत नाही. ते अथपासून इतिपर्यंत रसायनांचं. पत्र्याची शेड, थोडी यंत्रसामग्री, रसायनांची पिंपं आणि हायवे जवळ असला की भागतं. वरून बघाल तर वसाहतीतल्या शंभर शेडपैकी एक. सिनेमातली पूड काचेच्या टेबलावर आपोआप उगवल्यासारखी दिसते, कारण कॅमेरा या शेडपर्यंत सहसा येत नाही.

2 ग्रॅम आणि 50 ग्रॅम

मुंबईच्या पार्ट्यांत ‘म्याऊ म्याऊ’ नावानं खपणारं हे एमडी फेब्रुवारी 2015 पर्यंत आपल्या अमली पदार्थांच्या कायद्यात नव्हतंच. आता 2 ग्रॅमपेक्षा कमी ‘अल्प’, 50 ग्रॅमपेक्षा जास्त ‘व्यापारी’ प्रमाण. अल्पला एक वर्षापर्यंत सजा, व्यापारीला 10 ते 20 वर्षं आणि जामिनाचं नाव काढायचं नाही अशी अवस्था. कायदा तराजू बघतो, बापाचं आडनाव नाही. वकील कोणता परवडतो, हा भाग वेगळा. शिवरात्रीची भांग मात्र या कायद्यात बसत नाही, कारण गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत.

बाहेर पडायची वाट

याच कायद्यात 64-अ नावाचं एक कलम आहे. व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. किती घरांना हे ठाऊक असतं? पुण्यात गर्दच्या नशेनं पोरं पोखरली जाताना बघून अनिल अवचटांनी लिहिलं, डॉ. अनिता अवचट उभ्या राहिल्या, पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैशाचं बळ दिलं आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. हमरमधून आलेला आणि एसटीतून आलेला तिथे एकाच उपचाराला बसतो. ‘शैतान’मधल्या पाचांपैकी एकाला जरी ही वाट माहीत असती, तरी बिजॉय नाम्बियारला दुसरी कथा शोधावी लागली असती.