सागवानी टेबल आणि पावसाळा

सुती कापड धुतल्यावर आटते, हे आम्ही कापडवाले गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. लाकडाबाबत मात्र विसरलो. लेकीचे घर बांधून होईपर्यंत, तिला भेट म्हणून, मिस्त्रींच्या हाताखाली आम्ही सागवानी टेबल बनवले. वरच्या फळ्या चौकटीला सरस व खिळ्यांनी पक्क्या जखडल्या. पावसाळ्यात त्या फुगल्या, उन्हाळ्यात आकसल्या आणि मधोमध चीर गेली.

लाकूड लांबीत फारसे बदलत नाही. रेषांना आडवे, म्हणजे रुंदीत, हवेतल्या ओलाव्याप्रमाणे ते कमी-जास्त होतेच. चांगले वाळलेले सागवानही. म्हणून चौकटीच्या पट्ट्यांत स्क्रूसाठी गोल नव्हे, टेबलाच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोके पाडावीत. फळीला सरकायला जागा राहते. सरस चौकटीला लावूच नये. मिस्त्रींनी हे बजावले होते, मजबुतीचा हट्ट आमचा! आता नव्या फळ्या तशा बसवल्या आहेत. हा पावसाळा निभावला, तरच टेबल लेकीकडे जाईल.